आमेन होईपर्यंत

धाकटीने बाबांच्या डाव्या गालावरून रेझर खाली ओढला, भांड्यातल्या पाण्यात खळबळून धुतला आणि तो हवेतच धरून विचारलं,

“बाबा, रविवारी पाण्यात उतरायचं ना?”

“आमेन,” बाबा म्हणाले, आणि साबणाचा फेस त्यांच्या तोंडात गेला.

तिने टॉवेलच्या कोपऱ्याने त्यांचे ओठ टिपले. उजवी बाजू उतरलेली असल्यामुळे तिथे फेस साचून राहायचा. तो टिपता टिपता ती हसली आणि तिचे डोळेही भरून आले.

“आई, ऐकलंस? मी काही पढवलेलं नाही हं. साधा सरळ प्रश्न विचारला.”

“ऐकलं,” पाळकीणबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

त्या ग्लासातल्या पाण्यात पावडर कालवत होत्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून साधं पाणी बाबांच्या घशात वाट चुकायचं आणि श्वासनलिकेत जायचं, म्हणून प्यायचं पाणीसुद्धा दाट करून चमच्याने भरवावं लागे. पावडर केव्हाच विरघळली होती, तरी बाई चमचा फिरवतच राहिल्या.

धाकटी खुर्चीसमोर गुडघ्यावर बसली. शहराच्या तरणतलावावर ती मुलांना पोहायला शिकवायची. तिच्या केसांना क्लोरीनचा वास कायमचा चिकटलेला होता.

“मी स्वतः धरणार आहे तुम्हाला. एक श्वास धरायचा, बस्स. माझ्या हातातून आजवर कुणी बुडालेलं नाही, बाबा.” मग ती आवाज खाली आणून म्हणाली, “तान्हेपणी बाप्तिस्मा म्हणून कुणीतरी कपाळाला पाणी लावलं, ते तुम्ही कुठे निवडलं होतं? तिकडे गेल्यावर तुम्ही मला दिसलाच नाहीत तर मी काय करू?”

बाबांना म्हणायचं होतं, वेडे, मी तुला दिसणार नाही असं कुणी सांगितलं? त्यांना म्हणायचं होतं, मला पाण्याची भीती वाटते. त्यांना रेझर बाजूला ठेव म्हणायचं होतं, कारण ती बोलताना तो हलवत होती.

“आमेन,” ते म्हणाले.

*

झटका आला तेव्हा बाबांचे सगळे शब्द गेले आणि एवढा एकच मागे राहिला. जन्मभर चर्चमध्ये मंडळीसमोर उभं राहून संदेश देणारा माणूस. शब्द त्यांच्याकडे पैशाला पासरी होते. त्यांतला एखादा कामाचा तरी राहावा. ‘पाणी’ राहिला असता, ‘नको’ राहिला असता, बायकोचं नाव राहिलं असतं तर दोघांचंही म्हातारपण जरा सोपं झालं असतं. पण राहिला तो हा, आणि तो कुठेही, कशालाही उत्तर म्हणून उडी मारून बाहेर पडायचा.

बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या आणि चित्रांचे पत्ते दाखवायच्या. किल्ली. आमेन. छत्री. आमेन. घोडा. आमेन. घोड्याच्या वेळी बाबांना स्वतःलाच हसू यायचं, आणि तेवढं एक मात्र त्यांना अजून नीट जमत होतं. बाईंनी दोन्ही मुलांना स्पष्ट सांगितलं होतं की या शब्दाला होकार समजू नका, शिंक येते तसा तो येतो. मानेचंही तसंच आहे, हो म्हणायला गेले तर नाही अशी हलते. आत मात्र त्यांना सगळं समजतंय. मुलांनी ते ऐकून घेतलं होतं. गैरसोयीचं काही ऐकताना शहाणी माणसं डोकं हलवतात, तसं दोघांनीही हलवलं होतं.

बाईंचं म्हणणं खरंच होतं, पण या घरातल्या आमेनची गोष्ट त्यांना कुठून माहीत असणार? इथे जेवण झाल्यावर बाबा प्रार्थना करायचे आणि त्यांनी आमेन म्हटल्याशिवाय टेबलावरून कुणी उठायचं नाही, हा नियम होता. मुलांच्या लहानपणी ते जेवताना एखादा प्रश्न टाकायचे. ज्याने देवाचं नावच ऐकलं नाही त्याचं काय होणार? चोराने चोरलेल्या पैशातून दान दिलं तर ते घ्यावं का? थोरला एक बाजू घ्यायचा, धाकटी हमखास दुसरी. बाबा पावाचा तुकडा वाडग्यात फिरवत ऐकायचे. मग डोळे मिटून प्रार्थना करायचे, तिच्यातच निकाल सांगायचे आणि वर आमेन. त्यानंतर तोंड उघडणं म्हणजे देवाला उलट उत्तर देणं. जिंकलेलं मूल उड्या मारत जायचं आणि हरलेलं भांडी घासायला.

कधी दोघं फारच हमरीतुमरीवर आली की बाबा आमेनच म्हणायचे नाहीत. एकदा तर दोघं टेबलावर डोकी टेकून झोपून गेली होती. धाकटीची वेणी थोरल्याच्या वाडग्यात पडली होती, आणि पाळकीणबाईंनी “आता म्हणा की हो, सकाळी शाळा आहे त्यांची” असं विनवल्यावर कुठे प्रार्थना संपली होती.

बाबांना तेव्हा फार अभिमान वाटायचा. पोरं विचार करतात, मुद्द्याला मुद्दा देतात! दुसऱ्याचं पटलं नाही तरी त्याच्याशेजारी बसून राहायचं कसं, हे मात्र त्यांनी कधी शिकवलं नाही. ते शिकवायला लागतं हेच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. खुर्चीत बसल्या बसल्या हल्ली ते याचाच विचार करत, आणि तो सांगायला गेलं की शिंक यावी तसा तो शब्द यायचा.

थोरला त्यांच्या जागी पाळक झाला. पुढे धाकटी शास्त्र वाचता वाचता एका निष्कर्षाला आली आणि मंडळीच्या बैठकीत उभी राहिली. तान्ह्या मुलाला काय कळतं? ज्याने स्वतः विश्वास धरला त्यानेच पाण्यात उतरावं, आणि उतरावं तर पूर्ण उतरावं. थोरल्याने उत्तर दिलं. छान दिलं. तिने त्याहून छान प्रत्युत्तर दिलं. बाबा पहिल्या बाकावर होते, तेव्हा त्यांची वाचा शाबूत होती, आणि खोटं कशाला बोला, दोघांचं बोलणं ऐकून त्यांची छाती क्षणभर फुगली होती. मग मागच्या बाकांवरची माणसं उठून धाकटीच्या मागे बाहेर गेली ती परत आलीच नाहीत. आता नवी मंडळी रविवारी सकाळी, तलाव लोकांना उघडायच्या आधी, तलावाकाठी जमायची.

तेव्हापासून बाबांकडे सकाळी धाकटी यायची आणि संध्याकाळी थोरला. दारात एकाची चप्पल दिसली की दुसरं कोपऱ्यापर्यंत फेरी मारून यायचं. एकमेकांसाठी प्रार्थना करायचं मात्र दोघांपैकी कुणी सोडलं नव्हतं. दुसऱ्याला देवाने अक्कल द्यावी, एवढंच मागणं असायचं.

*

संध्याकाळी थोरला बाबांना सूप भरवत असताना पाळकीणबाईंनी त्याला सांगून टाकलं. लपवून काय उपयोग होता? चमचा बाबांच्या ओठांशी येऊन थांबला.

“पाण्यात? बाबांना?”

“रविवारी म्हणतेय.”

“आणि तू ऐकून घेतलंस?”

“मी काय करू? तिने विचारलं, हे आमेन म्हणाले.”

थोरल्याने चमचा वाडग्यात ठेवला. त्याच्या कॉलरच्या आत घामाची रेघ होती. तो कुणाच्या तरी अंत्यविधीहून थेट आला होता.

“आई, बाबा एकटे उतरणार नाहीयेत त्या पाण्यात. यांच्या हाताने किती कपाळांना पाणी लागलंय! मला यांनीच बाप्तिस्मा दिला. तिलाही. उद्या हेच पाण्यात गेले तर लोक माझ्या दारात येऊन विचारतील, आमचं सगळं खोटंच होतं का? काय सांगू मी त्यांना?” मग म्हणाला, “शिवाय ठसका लागला तर? जीव जाईल यांचा.”

हा मुद्दा त्याला दुसरा सुचला, आणि तो दुसरा सुचला हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याने वाडगा उचलून पुन्हा खाली ठेवला. मग तो खुर्ची ओढून बाबांच्या अगदी समोर बसला.

“बाबा, तुम्हाला हे नकोय ना? जे तुम्ही जन्मभर शिकवलंत, त्यावरच तुम्ही ठाम आहात ना?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. पोराच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. त्यांना म्हणायचं होतं, तुझा मुद्दा बरोबर आहे, आणि तू चुकतोयस. त्यांना विचारायचं होतं, तिला शेवटचं कधी नुसतं ‘कशी आहेस’ म्हणून विचारलंस? जिभेने धडपड केली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं लोक म्हणतात. इथे ती टाळ्यापर्यंत पोचायचीच मारामार.

“आमेन.”

थोरल्याचे खांदे सैल झाले. “बघ,” तो आईला म्हणाला. “सांग तिला.”

पाळकीणबाईंनी तिला सांगितलं. मग तिचं उत्तर त्याला सांगितलं. ती म्हणाली, मी आधी विचारलं होतं. तो म्हणाला, नंतर जे म्हणतात ते खरं. ती म्हणाली, त्याने विचारलंच असं फिरवून. फोन ठेवला की बाई थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसत, पुन्हा वाजू नये म्हणून. इकडे आड, तिकडे विहीर, आणि इथे तर खरोखरचं पाणी होतं. त्यांना स्वतःला काय वाटतं हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की मला यांचं डोकं पाण्याखाली गेलेलं बघवणार नाही, आणि मला माझी दोन्ही मुलं हवी आहेत. पण हा काही मुद्दा झाला नसता.

बाबांनी रात्री त्यांचा हात धरला तेव्हा त्या म्हणाल्या, “मला कळतंय हो. पण मी म्हणून काय होणार?”

आणि बाबा आमेन म्हणाले, तेव्हा पहिल्यांदाच पाळकीणबाईंना रडू फुटलं.

*

शनिवारी दुपारी पाळकीणबाईंनी दोघांना जेवायला बोलावलं. दुसरंही येणार आहे हे कुणालाच सांगितलं नाही. थोरला आधी आला. धाकटीला दारात त्याची चप्पल दिसली आणि ती कोपऱ्याकडे वळणार, तोच पाळकीणबाई हात पुसत उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

“आत ये. सूप निवतंय.”

टेबल तेच होतं. बाबांची चाकाची खुर्ची आपल्या जुन्या जागी लावली होती, दोघं समोरासमोर, आपापल्या लहानपणीच्या जागांवर. जेवणाआधीची प्रार्थना करायला दोघांनीही एकाच वेळी तोंड उघडलं आणि एकाच वेळी मिटलं.

“तू म्हण,” थोरला म्हणाला.

“नको, तू पाळक आहेस.”

“तुमच्याकडे तर सगळेच पाळक असतात ना?”

“दादा, झालं का सुरू?”

“देवा, अन्नाबद्दल उपकार,” पाळकीणबाई घाईने म्हणाल्या आणि पाव कापायला घेतला.

थोडा वेळ नुसते चमचे वाजले. बटाटे उकडलेले होते, सूप जरा जास्तच आटलं होतं. धाकटी बाबांना भरवत होती. प्रत्येक घासानंतर ती त्यांच्या घशाकडे बघायची आणि तो हलला की मगच पुढचा चमचा भरायची. थोरला ते बघत होता. तिचा हात किती सावकाश चालतो हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं असेल, कारण त्याच्या हातून रोज सांडायचं.

“तू इतकं जपून भरवतेस,” तो म्हणाला, “आणि उद्या त्यांना पाण्याखाली घालणार आहेस.”

“जपूनच घालणार आहे.”

“साधा घोट चालत नाही त्यांना!”

“नाक-तोंड मी माझ्या हाताने धरणार. डॉक्टरांना विचारलंय मी.”

“ते काय म्हणाले?”

तिने चमचा वाडग्याच्या काठावर निथळला. मग म्हणाली, “देवाच्या कामात सगळंच डॉक्टरांना विचारून होत नाही.”

“म्हणजे नाही म्हणाले.”

“तू त्यांच्या जिवाला घाबरतोस की तुझ्या मंडळीला, ते आधी ठरव.”

“आणि तू त्यांच्या तारणासाठी करतेयस की मला हरवायला?”

पाळकीणबाईंचा पाव कापायचा हात थांबला. दोघांनाही लागलं होतं, चांगलंच लागलं होतं, आणि दोघांकडेही पुढचं वाक्य तयार होतं. बाबा एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे बघत होते. याच टेबलावर, याच जागांवर त्यांनी या दोघांच्या जिभांना धार लावली होती.

धाकटीने वाडगा बाजूला सरकवला.

“बाबांनाच विचारू. तुझ्यासमोर. एकदाच.”

“विचार. पण प्रश्न मी विचारणार.”

“दोघांनी मिळून विचारू.” ती बाबांकडे वळली. “बाबा, आम्हा दोघांत बरोबर कोण? आता तुम्ही एकाकडे बघून म्हणा. ज्याच्याकडे बघाल तो बरोबर. दुसऱ्याने पुढे एक शब्द काढायचा नाही.”

“मान्य,” थोरला म्हणाला.

दोघंही टेबलावर पुढे झुकली. अगदी लहानपणी झुकायची तशीच. तिच्या कपाळावर तीच आठी, त्याचा खालचा ओठ तसाच दातात. निकालाची वाट बघत.

बाबांना तो शब्द येताना जाणवला. छातीतून वर, घशाशी, जिभेच्या मुळाशी. त्याला थोपवायला हाताशी दुसरा शब्द नव्हता. नजर कुठे ठेवावी? पोराकडे पाहावं तर पोरगी जाते, पोरीकडे पाहावं तर पोरगा. छताकडे पाहिलं तरी दोघांपैकी कुणीतरी अर्थ लावणार. ओठ उघडायला लागले होते.

त्यांनी डावा हात उचलला आणि तोंडावर दाबून धरला.

“काय झालं? ठसका?” धाकटी ताडकन उठली. “आई, पाणी! दाट केलेलं!”

“ठसका नाहीये,” पाळकीणबाई म्हणाल्या.

बाबांचा चेहरा लाल झाला होता. तळहाताखाली काहीतरी धडका मारत होतं, गाल फुगत होते आणि बसत होते. पण हात हलत नव्हता. डोळे त्यांनी घट्ट मिटून घेतले होते.

थोरल्याने घड्याळाकडे पाहिलं, कुठे पाहावं ते न कळून. “आई, हे असं काही होणार असेल तर मी निघतो. मला संध्याकाळची तयारी करायचीय.”

तो खुर्ची मागे सारून उभा राहिला.

“बस,” पाळकीणबाई म्हणाल्या.

“अगं, पण...”

“यांचं आमेन झालेलं नाही अजून.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी सुरी पावाशेजारी ठेवली, हात मांडीत घेतले आणि त्या नवऱ्याकडे बघत बसल्या. थोरला उभाच होता. दार त्याच्यापासून काही लांब नव्हतं. त्याने बाबांच्या तोंडावरच्या हाताकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग पुन्हा त्या हाताकडे. बऱ्याच वेळाने त्याने खुर्ची पुढे ओढली आणि बसला.

कुणाचंही मत बदललं नव्हतं. तान्ह्याच्या कपाळावरचं पाणी आणि तलावातलं पाणी दोन्ही आपापल्या जागी होतं, आणि उद्या रविवार होता. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

बाबांचा हात थरथरायला लागला. सगळं काम करणारा तो एकटाच हात. कोपर खाली यायला लागलं, बोटांमध्ये फट पडली, आणि त्या फटीतून ‘आ’ ऐकू आला. त्यांनी हात पुन्हा दाबला. त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सकाळीच दाढी केलेल्या गालावरून खाली गेलं. फार वेळ त्यांना हे जमणार नाही हे त्यांना कळत होतं, आता इतरांनाही कळायला लागलं होतं.

धाकटी अजून त्यांच्याशेजारी उभी होती. तिने तो हात खाली घ्यायला आपला हात पुढे केला. त्यांच्या मनगटापर्यंत नेला. आणि तिथे ती थांबली. तिने समोर भावाकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता, खालचा ओठ अजून दातातच होता.

मग तिने आपला तळवा बाबांच्या कोपराखाली घातला. नवख्या मुलाला पाण्यावर तरंगवताना खालून द्यायचा असतो, तेवढाच आधार दिला. हात होता तिथेच, तोंडावर राहिला.

तिने पायानेच खुर्ची जवळ ओढली आणि कोपर न सोडता बसली.

“दादा,” थोड्या वेळाने ती म्हणाली, “माझा वाडगा दे इकडे. माझा हात पोचत नाही.”

थोरल्याने वाडगा उचलून तिच्यासमोर ठेवला. सूप पार गार झालं होतं, वर साय धरली होती. त्याने तो पुन्हा उचलला, आपलाही उचलला आणि आईच्या हातात दिला.

पाळकीणबाईंनी दोन्ही वाडगे पातेल्यात रिकामे केले आणि सूप पुन्हा गरम करायला ठेवलं. गॅस त्यांनी अगदी बारीक केला.